श्वासाची किंमत कोणी मोजावी?

चोरी करू नये, असे सातवी आज्ञा सांगते. परंतु जी वस्तू कोणा एकाच्या मालकीची नाही आणि जिच्यावाचून कोणीच जगू शकत नाही, ती नासवणे ही चोरी म्हणावी काय? हवेविषयी हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. रस्त्यावरच्या धुराने एखाद्या बालकाचा दमा बळावतो, तेव्हा अपराधी नावानिशी सापडत नाही. म्हणून अपराधच घडला नाही, असे आपण मानून चालतो.

राजधानी दिल्लीत या प्रश्नाची तड न्यायालयाला लावावी लागली. वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. तिच्या सुनावणीत २८ जुलै १९९८ रोजी आदेश झाला, की ३१ मार्च २००१ पर्यंत शहरातील सर्व बसगाड्या डिझेल सोडून सीएनजीवर, म्हणजे दाबाखाली साठवलेल्या नैसर्गिक वायूवर चालाव्यात. आदेश उचितच होता. डिझेलच्या धुरातील सूक्ष्म काजळी फुप्फुसात खोलवर शिरते. नैसर्गिक वायूच्या ज्वलनातून ती फारच थोडी निघते.

अडीच वर्षांहून अधिक अवधी हाती होता. तरीही मुदत संपली, तेव्हा ना पुरेशा नव्या बसगाड्या होत्या, ना वायू भरण्याची पुरेशी केंद्रे. बसथांब्यांवर ताटकळले ते मोटारींचे मालक नव्हेत, तर कामगार आणि शाळकरी मुले. रिक्षाचालक वायूसाठी तासन्‌तास रांगेत उभे राहिले. त्यांची कमाई बुडत होती. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नव्हता. ५ एप्रिल २००२ रोजी न्यायालयाने डिझेल बसगाड्यांवर प्रतिदिन ५०० रुपये दंड बसवला. त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत शहरातील डिझेल बसगाड्यांची जागा सीएनजीने घेतली.

ख्रिस्तसभा शिकवते, की चोरीच्या पापाची केवळ कबुली पुरेशी नाही. हिरावलेले परत केले पाहिजे. शुद्ध इंधन ही अशीच परतफेड आहे. पण परतफेड कोणाच्या खिशातून व्हावी? रिक्षाचालकही धूर सोडत होताच, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. तथापि सत्ता आणि साधने ज्यांच्या हाती होती, त्यांनी वेळेवर तयारी केली नाही. कर्तव्यात कसूर करणे हेही पापच, आणि त्याचे प्रायश्चित्त मात्र दुबळ्यांनी भोगले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात निसर्गाची हानी आणि गरिबांचे दुःख हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हेच समजावले आहे.

आज आपल्या शहरांत विजेवरच्या बसगाड्या धावू लागल्या आहेत. त्यांचे स्वागतच करावे. परंतु आपल्या देशातील बहुतांश वीज अद्याप कोळशापासून होते, आणि त्या कोळशाचा धूर चंद्रपूरसारख्या ठिकाणी कोणाच्या तरी अंगणात उतरतो. आपले अंगण स्वच्छ झाले म्हणून शेजाऱ्याचे ऋण फिटत नाही. पापनिवेदनापूर्वी सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करताना एक प्रश्न आपण अवश्य विचारावा: माझ्या सोयीची किंमत आज कोणाचा श्वास मोजतो आहे?