खटला जिंकूनही

२०११च्या मार्चमध्ये ओरॅकलने जाहीर केले, की इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरसाठी यापुढे आम्ही नवे सॉफ्टवेअर बनवणार नाही. इटॅनियमवर मुख्यतः एचपीची एचपी-यूएक्स ही युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीम चाले आणि तिच्यावर बँकांचे, दूरसंचार कंपन्यांचे मोठमोठे डेटाबेस. एचपी कोर्टात गेली. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी ओरॅकलला कराराने बांधील ठरवले. २०१६ मध्ये ज्यूरीने ३ अब्ज डॉलरची भरपाई दिली आणि ती अपिलातही टिकली. तरीही २०२१ मध्ये इंटेलने इटॅनियमचा पुरवठा थांबवला आणि २०२५ सरता सरता एचपी-यूएक्सची नियमित देखभालही संपली.

कोर्ट ओरॅकलला सॉफ्टवेअर बनवायला लावू शकले. नवे ग्राहक मात्र त्याला आणता आले नाहीत. म्हणून ‘अमुक सालापर्यंत सपोर्ट आहे’ या वाक्यावर डेटाबेसचे भवितव्य सोपवणे मला धोक्याचे वाटते. त्या तारखेच्या कितीतरी आधी नव्या आवृत्त्या उशिरा येऊ लागतात, सुटे भाग जुन्या बाजारातून मिळवावे लागतात आणि ही सिस्टीम शिकायला नवा माणूस तयार होत नाही.

‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हा डीबीएचा, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याचा, प्रश्न आळसातून येत नाही. वर्षानुवर्षे न अडखळता चाललेली यंत्रणा त्याने पाहिलेली असते, आणि स्थलांतराची भीतीही खरी असते. २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने आपली सगळी खाती नव्या प्रणालीवर नेली, तेव्हा लाखो ग्राहकांना आपल्याच पैशांपर्यंत पोहोचता येईना. पुढे नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. पण त्या दंडामागचे आक्षेप नियोजनाच्या आणि जोखीम सांभाळण्याच्या ढिलाईवर होते. नीट नियोजनाला आणि पुरेशा चाचण्यांना वेळ लागतो, आणि थांबून राहणारी संस्था नेमका तोच वेळ खर्चून टाकते.

स्थलांतराचे काम फाइली उचलून दुसरीकडे ठेवण्याइतके सरळ नाही. आपण एकेचाळीस म्हणताना एकक आधी उच्चारतो, लिहिताना मात्र चार आधी येतो. एचपी-यूएक्स आणि आजचे लिनक्स सर्व्हर यांच्यात संख्येचे बाइट साठवण्याच्या क्रमात असाच उलटा फरक आहे. त्यामुळे डेटा फाइली रूपांतरित कराव्या लागतात किंवा सगळा डेटा बाहेर काढून पुन्हा भरावा लागतो. कित्येक टेराबाइटच्या डेटाबेसला त्यासाठी लागणारा बंद काळ बँक देऊ शकत नाही. मग मूळ प्रत आधी न्यायची, रोजचे बदल मागाहून लावत राहायचे आणि शेवटी एका रात्री वळायचे, असा मार्ग काढावा लागतो. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर बाइटचा क्रम तोच असल्याने तिकडे जाणे सोपे वाटते. पण आकसत चाललेल्या त्याच युनिक्सच्या जगात पुढचा मुक्काम करण्यात मला शहाणपण दिसत नाही.

तरीही डेटा हलवणे हा त्यातल्या त्यात ठरावीक कृतीचा भाग. त्याच्याभोवतीचे शेल स्क्रिप्ट, रात्री क्रॉनवर सुटणारी कामे, ज्यांचा सोर्स कोड सापडत नाही असे सी प्रोग्राम, एक सर्व्हर पडला की दुसऱ्याने काम उचलण्याची व्यवस्था, हे सगळे कागदावर क्वचितच असते. ते निवृत्तीला टेकलेल्या दोन-चार माणसांच्या डोक्यात असते. स्थलांतराची मुदत मी त्यांच्या निवृत्तीच्या तारखेवरून ठरवीन.

याचा अर्थ उद्याच सर्व्हर बंद करा असा नाही. फक्त वाचण्यापुरता उरलेला जुना डेटाबेस, बाहेरच्या जाळ्यापासून तोडून, काही वर्षे तसाच ठेवायला माझी हरकत नाही. पण ज्यात रोज पैसा फिरतो, त्याची प्रत याच वर्षी लिनक्सवर उभी करावी, तिच्यावर महिनाअखेरीची सगळी कामे चालवावीत आणि दोन्हीकडचे हिशेब पडताळावेत. ते जुळले नाहीत तर कारण शोधायला आज जाणती माणसे जागेवर आहेत.