योग्य अनुपलब्धी

झाशी जिल्ह्यातील समथर या गावी एका मराठी स्नेह्यांच्या घरी मी उतरलो असता, सुट्टीवर आलेला त्यांचा पुतण्या संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवून समाधानाने म्हणाला, "काका, सगळ्या चाचण्या हिरव्या आल्या, आता प्रोग्रॅममध्ये एकही बग नाही." त्याच रात्री वीज गेली, आजींनी त्याला कोठीतील घागर आणावयास सांगितले, आणि उंबरठ्यावरूनच परतून त्याने "तिथं घागर नाही" असा दाखला दिला, तेव्हा आजींनी एवढेच विचारले, "दिवा नेला होतास का रे?"

आजींचा प्रश्न मीमांसकांचा होय. "भूतलावर घट नाही" हे ज्ञान कशाने होते, या वादात मीमांसक कुमारिल भट्टांच्या अनुयायांनी व अद्वैत्यांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तूचे न आढळणे, हे ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले, तर नैयायिकांनी अभाव हा पदार्थ स्वीकारूनही त्याच्या ज्ञानाचे काम प्रत्यक्षाकडेच सोपवले. परंतु या वाटणीपेक्षा मला मोलाची वाटते ती उभयपक्षी मान्य असलेली अट, की वस्तू असती तर दिसलीच असती अशी योग्यता असेल तरच तिचे न दिसणे ही तिच्या नसण्याची साक्ष. अंधारातील घट न दिसल्याने काहीच सिद्ध होत नाही.

चाचणी दोषांचे अस्तित्व दाखवील, अभाव कधीच नव्हे, हे डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांचे मत प्रसिद्ध आहे. मला ते किंचित घाईचे वाटते. सर्वव्यापी अभाव सिद्ध होत नाही हे खरे, पण या भूतलावर, एवढ्या उजेडात, घट नाही हे सिद्ध होते. चूक होते ती एका कोठीचा दाखला दुसऱ्या कोठीस लावण्यात. 4 जून 1996 रोजी एरियान 5 हे यान सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाले, ते एरियान 4 वरून घेतलेल्या दिशादर्शक प्रणालीत 64 बिटांची एक संख्या 16 बिटांच्या जागेत मावली नाही म्हणून. नव्या यानाच्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून ती प्रणाली तपासलीच गेली नव्हती.

यावर 1978 साली डीमिलो, लिप्टन व सेवर्ड या संगणकशास्त्रज्ञांनी मांडलेली युक्ती आजींना पटली असती: प्रोग्रॅममध्ये जाणूनबुजून दोष पेरावा आणि चाचण्या तो पकडतात का पाहावे, म्हणजे घागर स्वतःच ठेवून पाहणाऱ्याची नजर तपासावी. मी हे सांगताच पुतण्याने सकाळी एका ओळीतील 'पेक्षा मोठा' हे चिन्ह 'पेक्षा लहान' असे फिरवले आणि साऱ्या चाचण्या पुन्हा चालवल्या. पडदा हिरवाच राहिला.