पाच दिवस की पंधरा वर्षं?

"सर, साने गुरुजींनी 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली. फेब्रुवारी 1933, नाशिकचा तुरुंग. आणि तुम्ही मला सांगता की चांगलं लिखाण घाईनं होत नाही."

ती माझी जुनी विद्यार्थिनी. आता एका दिवाळी अंकाचं संपादन करते. कोयनेच्या धरणग्रस्तांवरची माझी कादंबरी, निदान तिचं एक प्रकरण, तिला अंकासाठी हवं आहे. दरवर्षी ती विचारते आणि दरवर्षी मी "अजून झाली नाही" एवढंच सांगतो. या वेळी तिनं ते ऐकून घेतलं नाही. तिचं बोलणं शक्यतो जसंच्या तसं मांडतो, कारण ते मला पुरतं खोडता आलेलं नाही.

मी म्हणालो, "गुरुजींची आई गेली 1917 साली. म्हणजे लिहायला बसले तेव्हा मध्ये पंधरा वर्षं गेली होती. कागदावर उतरायला पाच दिवस लागले, तयार व्हायला पंधरा वर्षं."

"छान. म्हणजे सावकाश लिहिलेलं पुस्तक सावकाशच, आणि झपाट्यानं लिहिलेलं पुस्तकही आतून सावकाशच. तुमचं म्हणणं खोटं पाडेल असं एखादं पुस्तक असूच शकतं का? नसेल, तर तुम्ही काहीच म्हणत नाही आहात."

मी भालचंद्र नेमाड्यांकडे वळलो. 'कोसला' 1963 ची, पंचविशीतली, झपाट्यानं लिहिलेली. 'झूल' 1979 ची. त्यानंतर थेट 2010 मध्ये 'हिंदू'. मधली एकतीस वर्षं एकही कादंबरी नाही. "एकाच लेखकाचे हे दोन वेग आहेत," मी म्हणालो. "प्रत्येक विषय आपापला वेळ मागतो."

"मागतो की लेखक देतो? मला विचाराल तर आजही 'कोसला'च जवळची वाटते. आणि हरिभाऊ आपट्यांचं काय? 'पण लक्षात कोण घेतो' 'करमणूक'मधून क्रमशः आली. पुढच्या अंकाची तारीख डोक्यावर होती, आणि तरी मराठी कादंबरी तिथेच उभी राहिली. आता म्हणू नका की हरिभाऊही लहानपणापासून तीच कादंबरी मनात लिहीत होते."

मी तेच म्हणणार होतो. हरिभाऊंनी आपल्या भोवतालच्या घरांतल्या बायकांचं जिणं वर्षानुवर्षं पाहिलं होतं, हे खरंच आहे. पण तिचा आधीचा प्रश्न तिथेच आडवा उभा होता. प्रत्येक पुस्तकामागे लेखकाचं सगळं आयुष्य असतं असं म्हटलं, तर हळू आणि भरभर यांत फरकच उरत नाही. फरक उरायला हवा असेल, तर मधल्या वर्षांत नेमकं काय घडतं हे मला सांगायला हवं होतं.

म्हणून मी तिला माझ्या कादंबरीचं सांगितलं. सुरुवातीला ती बुडालेल्या गावाची होती. खोऱ्यात पाणी चढतंय, माणसं घरांची कौलं आणि वासे उतरवताहेत, देव डोक्यावर घेऊन निघताहेत. सरकारवरचा राग आणि गावाचं दुःख. तेव्हाच लिहिली असती तर तशीच झाली असती, आणि लोकांना आवडलीही असती. मग खाली कोकणातल्या धरणग्रस्तांच्या एका वसाहतीत माझं जाणं-येणं वाढलं, आणि शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की या घरांखालची जमीन पूर्वी त्यांचं गुरचरण होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. एका गावाला वसवताना दुसऱ्या गावाच्या गुरांची वाट बंद झाली होती, आणि पुढची पन्नास वर्षं दोन्ही गावं एकमेकांना उपरे आणि आडमुठे म्हणत राहिली. अन्याय झालेली माणसं नकळत दुसऱ्या कुणाच्या जागेवर उभी असतात, हे माझ्या पहिल्या कादंबरीला माहीतच नव्हतं. "ते कळायला वेळ जावा लागला," मी म्हणालो.

"नाही सर. ते कळायला तुम्हाला शेजारच्या गावात जावं लागलं. पहिल्याच वर्षी गेला असतात तर पहिल्याच वर्षी कळलं असतं. वाट बघणं वेगळं आणि शोधणं वेगळं. शोधण्याचं श्रेय तुम्ही वाट बघण्याला देताय."

यावर मी बराच वेळ बोललो नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं, पण पूर्ण नव्हतं असं मला आजही वाटतं. पहिल्या वर्षी तो म्हातारा भेटला असता, तरी मी त्याचं बोलणं टिपून घेऊन बाजूला ठेवलं असतं. तेव्हा मला राग हवा होता आणि रागाला तो नको होता. माहिती एका दिवसात मिळते. ती आपल्या आवडत्या गोष्टीच्या विरुद्ध जाते हे सोसायला मन बदलावं लागतं, आणि मन हुकुमानं बदलत नाही. मी तिला म्हणालो, "माझी कसोटी एवढीच. गेल्या वर्षीची गोष्ट आणि यंदाची गोष्ट वेगळी असेल, तर ती वाढते आहे. तीच असेल, तर मी फक्त भीत आहे."

"आणि ही कसोटी लावणार कोण? तुम्हीच. भिणारा माणूसही दरवर्षी गोष्ट बदलतो. बदलली की लिहायला नको."

मग ती एकदम दुसरीकडेच वळली.

"अण्णा भाऊ साठ्यांना ही चैन होती का? घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून ते भराभर कादंबऱ्या लिहीत गेले. 'फकिरा' 1959 ची. 1969 मध्ये गेले, पन्नाशीही गाठली नाही. ते तुमच्यासारखे थांबले असते तर आज आपल्या हातात काय असतं? मनात हळूहळू वाढू द्यायला दरमहा पगार लागतो, सर. नेमाडे प्राध्यापक होते. अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात नावाजलेले. तुम्ही आता निवृत्तिवेतनावर."

कोलटकरांचं नाव निघालं म्हणून मी म्हणालो की 1977 च्या पहिल्या मराठी कवितासंग्रहानंतर त्यांनी पाव शतक दुसरा काढला नाही, पण लिहिणं थांबलं नव्हतं, फक्त छापणं थांबलं होतं. 'भिजकी वही'एवढं जाड पुस्तक काही एका वर्षात होत नाही.

"आणि 'भिजकी वही', 'चिरीमिरी', 'द्रोण' ही सगळी आली आजारपणात, शेवटच्या एक-दोन वर्षांत. सप्टेंबर 2004 मध्ये ते गेले. दोन वर्षं आधी गेले असते तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णा भाऊंच्या बाबतीत तर मी उत्तर शोधलंही नाही. थांबता येणं हा गुण मानायचा आणि ते कुणाला परवडतं हे बघायचं नाही, असं करून चालणार नाही. सावकाशपणाची बाजू मी आजही घेतो, पण ती सर्वांसाठीचा नियम म्हणून नव्हे.

"आता तुमच्या माणसांकडे येते," ती म्हणाली. "1960 च्या सुमारास गाव सोडताना जे विशीत होते ते आज पंच्याऐंशीच्या घरात असतील. त्यांतली किती माणसं तुमच्या कादंबरीसाठी थांबणार?"

"त्यांच्याशी बोलून झालंय. टिपणं आहेत. त्यांचं जे आहे ते हरवणार नाही."

"तुमच्या कपाटात आहे, म्हणजे हरवलेलंच आहे. ती माणसं कादंबरीची वाट बघत नाहीत, सर. आपलं म्हणणं आपल्या नावानं छापून आलेलं बघायला मिळावं, एवढंच त्यांना हवंय. ते तुमच्या कलेवर कशाला अडवून ठेवता?"

इथे मला दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या, आणि त्या इतकी वर्षं मी एकत्र बांधून ठेवल्या होत्या. टिपणं त्यांची आहेत. त्यांना पिकायचं वगैरे काही नाही, ती बोलली गेली त्याच दिवशी पूर्ण झाली होती. कादंबरी माझी, तिला लागेल तो वेळ मी देईन आणि त्याची किंमतही माझी मी मोजीन. पण दुसऱ्यांचा वेळ त्यात खर्च करायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता.

"टिपणं देतो," मी म्हणालो. "त्यांच्या शब्दांत, त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्या नावांनी. दोन्ही गावांची. गुरचरणवाल्यांची सुद्धा."

"कधी?"

"ऑगस्टअखेर."

"आणि कादंबरी?"

"ती अजून बदलते आहे."

"हे तुम्ही म्हणता. मी कसं ओळखायचं?"

"तुला ओळखता येणार नाही. मलाही दर वेळी येत नाही."

"मग पुढच्या वर्षी परत विचारेन," ती म्हणाली, "आणि काय बदललं ते सांगायला लावीन."