झांकणाआडचें काम

जें काम पुरें झाल्यावर कोणाच्याहि दृष्टीस पडावयाचें नाहीं, तें किती चोख करावें, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. परंतु त्याचें उत्तर शोधण्यास ग्रंथांकडेच गेलें पाहिजे असें नाहीं. नांदेडकडील एखाद्या घराच्या अंगणांत जुनी ॲम्बॅसिडर उभी असते, आणि सुटीचा दिवस पाहून बापलेक तिच्या इंजिनाची टायमिंग चेन स्वतः बदलावयास बसतात. हा प्रश्न तेथें जितक्या स्पष्टपणें समोर येतो, तितका तो क्वचितच दुसरीकडे येत असेल.

उत्तरपाड्याच्या कारखान्यांतून ही गाडी निघणें २०१४ सालीं बंद झालें. तिच्या जुन्या १४८९ घनसेंटीमीटरच्या पेट्रोल इंजिनांत, पुढच्या बाजूस पत्र्याच्या झांकणाआड, दोन दांतेरी चाकांवरून ही सांखळी फिरत असते. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एकच व्हावयाचा. म्हणून वरच्या चाकास खालच्याच्या दुप्पट दांत. हवा व पेट्रोल आंत घेणें, दाबणें, पेटविणें आणि धूर बाहेर टाकणें या चारी क्रिया त्या दोन फेर्‍यांत उरकतात, आणि त्या त्या क्षणीं नेमका तो तो व्हाल्व्ह उघडावा ही शिस्त सांखळी राखते. तिचा प्रत्येक दुवा आपल्या खिळीवर थोडाथोडा झिजतो. एकेका दुव्याची झीज डोळ्यांस दिसत नाहीं; पण सगळ्यांची मिळून सांखळी सैल पडते आणि गाडी सुरू करतांना पुढून खळखळ ऐकूं येऊं लागते. तेरच्या गोरोबा काकांनीं मडक्यांप्रमाणें संतांचीं डोकींहि थापटण्यानें ठोकून कोण कच्चा तें सांगितल्याची कथा मराठवाड्यांत सर्वांस ठाऊक आहे. आंतलें कच्चेपण कानानें ओळखावयाचें, ही मेस्त्रीचीहि विद्या आहे.

आतां प्रत्यक्ष काम पाहूं. बॅटरीची तार सोडावयाची, पाणी काढून रेडिएटर उतरवावयाचा, पंख्याचा पट्टा व क्रँकची पुली काढावयाची, मग झांकण. दोन्ही चाकांवर कारखान्यानें एकेक खूण कोरलेली असते. त्या खुणा समोरासमोर आणून चाकें सांखळीसह उतरवावयाचीं, आणि नवी सांखळी चढवितांना त्या पुन्हां तशाच समोरासमोर ठेवावयाच्या. यांत अवघड असें फारसें नाहीं. चुकण्याच्या जागा मात्र पुष्कळ आहेत. पुलीच्या नटाखालील वॉशरची कड पुन्हां वाकवून बसवावी लागते. जुनें पॅकिंग खरवडून जागा स्वच्छ करावी लागते. आणि खूण एका दांतानें जरी ढळली, तरी इंजिन बहुधा सुरू होतेंच! तें दमानें चालतें, पेट्रोल अधिक पितें, नांदेडहून लातुरास जातांना बालाघाटाच्या चढावर धापा टाकतें, पण चालतें. झांकण बसलें कीं तो एक दांत कोणास दिसावयाचा नाहीं.

येथेंच प्रश्नाची खरी गांठ आहे. हातानें काम करणें हलकें, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची समजूत दीर्घकाळ होती. ती जात आहे हें उत्तमच. पण तिच्या जागीं दुसरी एक समजूत येऊं पाहत आहे, ती ही कीं, स्वतःच्या हातचें काम आपोआपच प्रामाणिक असतें. पराया कारागीर फसवील, आपण आपल्याला कसे फसवूं? आम्हांस हें मान्य नाहीं. बाजारांतील मेस्त्रीस निदान नांवाचें भय असतें. गाडी परत आली तर चार गिर्‍हाइकांसमोर त्याची शोभा होते. घरीं काम करणारा मात्र कामगारहि आपणच आणि तपासनीसहि आपणच. संध्याकाळ होत आलेली असते, पाठ भरून आलेली असते, आणि ‘एवढ्यानें काय होतें?’ हा प्रश्न ज्यास विचारावयाचा तोच उत्तर देण्यास उत्सुक असतो. परक्याचा आळस आपणांस चटकन दिसतो, स्वतःच्या आळसास मात्र आपण थकवा म्हणतों.

कोणी म्हणेल, ‘गाडी ज्याची, नुकसान त्याचें, यांत नीतीचा संबंध काय?’ पण गाडींत एकटा मालक बसत नाहीं. घरचीं माणसें बसतात, शेजारचा आजारी मनुष्य इस्पितळांत न्यावयाचा असतो, आणि उद्यां ती गाडी दुसरा विकत घेतो. झांकणाआडच्या कामाचें फळ बहुतेक वेळां तें न पाहिलेल्यांसच भोगावें लागतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर-उस्मानाबादकडील सुमारें आठ हजार माणसें गेलीं. तेथील पुष्कळ घरांच्या भिंती आंतून-बाहेरून दगडांच्या आणि दिसावयास भक्कम होत्या. पण मधें मातीगोटा भरलेला, दोन्ही थर एकत्र बांधणारे आरपार दगड नाहींत, आणि वर माळवदाचें ओझें. त्या गवंड्यांस आम्ही दोष देत नाहीं. रूढीनें शिकविलें तसें त्यांनीं बांधलें, आणि त्यांतले कित्येक त्याच घरांत निजत होते. पण जेथें दिसत नाहीं तेथेंच भार तोललेला असतो, हा धडा त्या भिंतींनीं फार महागांत दिला.

मग उपाय काय? केवळ सद्बुद्धीवर भिस्त ठेवून चालत नाहीं. सद्बुद्धि संध्याकाळीं थकते. आपल्या समाधानावर अवलंबून नसलेली एखादी कसोटी कामांतच घालून ठेविली पाहिजे. जाणते मेस्त्री ती घालतात. सांखळी चढविल्यावर लगेच किल्ली न फिरवितां ते इंजिन हातानें पुरे दोन फेरे फिरवितात. एका फेर्‍यानें भागत नाहीं, कारण तेव्हां कॅमचें चाक अर्ध्यावरच असतें; दोन फेरे झाले कीं दोन्ही खुणा पुन्हां समोरासमोर आल्याच पाहिजेत. न आल्या तर सारें पुन्हां उतरवावयाचें, मग कितीहि उशीर होवो. आणि झांकण बसविण्यापूर्वीं दुसर्‍या कोणास, मग तो शेजारचा मेस्त्री असो वा आपलाच मुलगा, ‘जरा पाहा बरें’ म्हणून बोलवावें. बापानें मुलास आपलें काम तपासावयास सांगावें यांत कमीपणा नाहीं. त्या दिवशीं मुलगा सांखळीहून मोठी गोष्ट शिकतो.

घरीं काम करावें कीं मेस्त्रीकडे द्यावें, याचा निर्णय ज्यानें त्यानें आपलीं हत्यारें, वेळ व माहिती पाहून करावा. दोन्हींत पुण्य वा पाप नाहीं. परंतु ज्यानें तें स्वतः पतकरलें, त्यानें परक्यास जी कसोटी लावली असती तिच्याहून सौम्य कसोटी स्वतःस लावूं नये. नीट झालेल्या अशा कामाचें कोणी कौतुक करीत नाहीं, कारण त्याचा पुरावा एवढाच, कीं पुढें वर्षानुवर्षें कांहींच घडत नाहीं. घाटांत गाडी थांबत नाहीं, घरचीं माणसें वेळेवर पोंचतात, आणि झांकणाआड काय आहे हें विचारण्याची कोणास गरज पडत नाहीं.