तडा गेलेला रेडिएटर

रेडिएटर गळायला लागला की मालकाचा पहिला प्रश्न असतो, ‘डाख मारून भागेल का?’ पद्मिनी-अँबॅसडरच्या काळात याचं उत्तर बहुधा ‘हो’ असायचं. त्या रेडिएटरांचं काम तांब्या-पितळेचं. मिस्त्री गळती शोधायचा, जागा घासून कथील-शिशाचा डाख द्यायचा आणि गाडी सुटायची. फुटलेली जागा तेवढी वाईट, बाकीचं पितळ शाबूत. जुन्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत हा हिशोब आजही बरोबर आहे.

आजच्या मोटारीत मात्र मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि कडेच्या टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात. दोन्हींमध्ये रबरी गॅस्केट, आणि जाळीची कड दुमडून टाकी घट्ट पकडलेली. तडा बहुतेकदा या टाकीलाच जातो: होज चढवतात त्या तोंडाशी, नाहीतर दुमडीलगत. दगड लागला असेल तर गोष्ट वेगळी; एरवी ही टाकी वयाने फुटते. रोज नव्वद अंशांच्या आसपास तापायचं, रात्री गार व्हायचं, असं वर्षानुवर्षं चाललं की नायलॉन ठिसूळ होतं. तडा एके जागी दिसला तरी म्हातारपण सगळ्या टाकीचं असतं. एम-सील लावलं तर आजचा तडा कदाचित बुजेल. उद्याचा त्याच्या शेजारीच पडेल.

त्यात दाबाचा मामला. रेडिएटरची कॅप साधारण एक बार दाब धरून ठेवते, म्हणजे जवळपास घरच्या कुकरइतकाच. त्यामुळेच आतलं पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. टाकी तडकली की पाणी जातंच, शिवाय दाब जातो आणि उरलेलं पाणी लवकर उकळू लागतं. शहरात हे कळतही नाही. खंबाटकी किंवा कसारा घाट चढताना काटा लाल रेघेला लागतो, आणि तरीही गाडी रेटली तर इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. ते काम नव्या रेडिएटरपेक्षा कितीतरी महाग पडतं.

जाळी चांगली असेल तर नुसती टाकी आणि गॅस्केट बदलून देणारे कारागीर मिळतात. सुटी टाकी मिळाली तर हा मधला मार्ग वाईट नाही. पण जाळीही बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी चोंदली असेल तर अख्खा रेडिएटरच बदलावा. गळती बुजवणारी पावडर गावापर्यंत पोचण्यापुरती ठीक. नंतर तीच बारीक नळ्यांत बसते.

नवा बसवण्याआधी मिस्त्रीकडून प्रेशर टेस्ट करून घ्या. हेड गॅस्केट उडाली असेल तर धुराचा दाब पाण्यात शिरतो आणि नवी टाकीही टिकत नाही. कॅप आणि फुगलेले होज सोबतच बदला, नळाच्या पाण्याऐवजी कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा. आणि गाडी रस्त्यात तापलीच, तर इंजिन बंद करून थांबा. गरम रेडिएटरची कॅप कधीही उघडू नका.