सोणाची वीणा आणि तेराची तार

मध्यम मार्ग समजावून सांगताना वीणेच्या तारेचा दाखला हटकून दिला जातो. तार फार ताणली तर तिचा सूर बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो, म्हणून ती बेताने ताणावी. दाखला इतका सोपा आहे की त्याच्या पोटात राहून गेलेला प्रश्न सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बेताने म्हणजे किती, आणि ते कोणत्या तारेसाठी? जो ताण जाड तार सहज सोसते, त्याच ताणाने बारीक तार तटकन तुटेल. खुंटी पिळण्याआधी तार निवडावी लागते. मध्यम मार्गावरची बहुतेक प्रवचने खुंटीपाशी सुरू होतात आणि खुंटीपाशीच संपतात. तार निवडण्याचा प्रश्न खरा चघळला जातो तो इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांमध्ये: नऊचा सेट घ्यावा की दहाचा, अकरा पेलवेल का, जाड तारेशिवाय आवाजाला वजन येते का. हा वाद वरकरणी दुकानातला असला तरी त्यात नीतिशास्त्राच्या कामाचे बरेच काही आहे. माझे म्हणणे असे की साधनेत दोन मापे असतात. एक सुराचे, ते सर्वांना सारखे. दुसरे तारेचे, ते हातागणिक वेगळे. या दुसऱ्या मापाला पहिल्याचा मान दिला की तपश्चर्येचे अवडंबर माजते.

आधी तारेचे गणित. नऊची किंवा दहाची तार म्हणजे सेटमधल्या सर्वांत बारीक तारेचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागांत नऊ किंवा दहा. दहाच्या नेहमीच्या सेटमधली सर्वांत जाड तार 46 ची असते, नऊच्या सेटमधली 42 ची. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो, लांबी, ताण आणि वजन, हे मारँ मेरसेन या फ्रेंच धर्मगुरूने 1636 च्या आपल्या ग्रंथात मांडले. (तारांचे नियम एका संन्यस्त माणसाने लिहून ठेवावेत, हा योगायोग मला आवडतो.) लांबी आणि सूर तेच ठेवले, तर लागणारा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साडेपंचवीस इंच लांबीच्या, म्हणजे फेंडर पद्धतीच्या गिटारवर दहाची पहिली तार तिच्या नेमलेल्या सुराला आणायला सुमारे सव्वासात किलोंचा ताण लागतो, नऊच्या तारेला सहा किलोंहून थोडा कमी. जाडीत फरक हजारांश इंचाचा, पण ताणात जवळपास एकोणीस टक्क्यांचा. गिब्सन गिटारवर तारेची लांबी पाऊण इंचाने कमी, त्यामुळे त्याच तारेला तिथे सुमारे सहा टक्के कमी ताण पुरतो. म्हणजे ‘बेताचा ताण’ असा एकच आकडा कुठे लिहूनच ठेवता येत नाही. तार, लांबी आणि सूर सांगितल्यावाचून त्या शब्दांना अर्थ येत नाही.

याच गणितातून एक गोष्ट निघते, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ताण जाडीच्या वर्गाने वाढतो, आणि तारेच्या छेदाचे क्षेत्रफळही जाडीच्या वर्गानेच वाढते. एकाला दुसऱ्याने भागले की जाडी गळून पडते. साध्या पोलादी तारा, लांबी तीच, सूर तोच, तर नऊची असो की तेराची, पोलादाच्या प्रत्येक कणावर पडणारा ताण सारखाच असतो. दोन्ही तारा आपापल्या तुटण्याच्या टोकापासून सारख्याच अंतरावर उभ्या असतात. इतकेच काय, बेंड घेताना तार बाजूला ओढून सूर एका स्वराने चढवायचा, तर सरकवण्याचे अंतरही दोन्हींना जवळपास सारखेच लागते. फरक पडतो तो बोटाला लावाव्या लागणाऱ्या जोराचा. जाड तार स्वतः अधिक सोसत नाही, वाजवणाऱ्याला अधिक सोसायला लावते. तारेचे तप सुराने ठरते, हाताचे कष्ट जाडीने ठरतात, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता मूळ वीणेकडे जाऊ. कथा सोण कोळिविसाची. ती अंगुत्तरनिकायाच्या सहाव्या निपातात आहे आणि विनयपिटकाच्या महावग्गातही आहे. सोण चंपेच्या श्रीमंत घरातला, इतक्या लाडात वाढलेला की त्याच्या तळपायांवर लव उगवली होती, आणि ते पाय पाहण्यासाठी बिंबिसार राजाने त्याला बोलावून घेतले, असे महावग्ग सांगतो. भिक्षू झाल्यावर राजगृहाजवळच्या शीतवनात त्याने चंक्रमणाचा, म्हणजे चालत ध्यान करण्याचा, असा काही सपाटा लावला की पाय फुटून ती वाट रक्ताने भरली. एवढे करून हाती काही लागेना, तेव्हा घरी परतून दानधर्म करत सुखाने राहावे असे त्याच्या मनात आले. बुद्धांनी त्याला विचारले ते त्याला ठाऊक असलेल्या विषयातले. गृहस्थाश्रमात तू वीणेत निपुण होतास ना? तारा फार ताणलेल्या असत तेव्हा वीणा वाजण्याजोगी असे का? फार सैल असत तेव्हा? आणि समान सुरात लावलेल्या असत तेव्हा? उपदेश झाला, सोणाने वीर्याचा, म्हणजे प्रयत्नाचा, समतोल साधला आणि तो अर्हत झाला. प्रवचन इथे थांबते. महावग्गातली कथा मात्र पुढे जाते, आणि माझ्या मते तारेच्या जाडीचा प्रश्न तिथे येतो. बुद्ध सोणाला म्हणतात की तू सुकुमार आहेस, तुला एकपदरी वहाणांची परवानगी देतो. सोण नाकारतो. गाडे भरभरून सोने आणि हत्तींचा कळप सोडून आलेला माणूस आता वहाणांत गुंतला, असे लोक म्हणतील. साऱ्या संघाला परवानगी मिळाली तर मीही वापरीन. मग बुद्ध सगळ्याच भिक्षूंना एकपदरी वहाणा वापरू देतात.

यावर कुणी म्हणेल की ही ओढाताण आहे. सोण अर्हत झाला तो वहाणांवाचून, परवानगी आली ती नंतर. मग साधन बदलण्याचा आणि सिद्धीचा संबंध काय? आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. पण क्रम नीट पाहिला तर तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. वहाणा सिद्धीसाठी लागत असत्या तर त्या आधी मिळाल्या असत्या. रक्त सिद्धीसाठी लागत असते तर मागून येणाऱ्यांना वहाणा मिळाल्याच नसत्या. रक्त हे त्या मार्गाचे मोल नव्हतेच. एका कोवळ्या कातडीवर पडलेला तो आपसूक भार होता. बुद्धांनी प्रयत्नाचा ताण दुरुस्त केला आणि पायाचा भार वेगळा काढून हलका केला, दोन्हींची गल्लत केली नाही. याचीच दुसरी बाजू देवदत्त या भिक्षूच्या प्रकरणात दिसते. देवदत्ताने पाच कडक नियमांची मागणी केली: भिक्षूंनी जन्मभर अरण्यातच राहावे, भिक्षेवरच जगावे, चिंध्यांचीच चीवरे नेसावीत, झाडाखालीच निजावे, मासे-मांस वर्ज्य करावे. ज्याला हवे त्याने तसे खुशाल राहावे, असे बुद्धांचे उत्तर होते. पावसाळ्याचे महिने सोडून झाडाखाली राहण्यालाही त्यांची ना नव्हती. नकार होता तो सक्तीला. जाड तार हवी त्याने जरूर लावावी, पण ती साऱ्या संघाच्या वीणांवर चढवू नये.

गिटारच्या जगात देवदत्तांची वाण नाही. जाड तार म्हणजे खरा आवाज, बारीक तार म्हणजे पळवाट, असे मानणारा एक संप्रदायच आहे, आणि त्याचे आराध्य दैवत टेक्सासचा स्टीव्ही रे व्हॉन. त्याची पहिली तार तेराची असे. बोटांची कातडी सोलवटली की तो ती डिंकासारख्या झटपट चिकटणाऱ्या द्रवाने सांधून पुन्हा वाजवायला बसे, ही गोष्ट भक्तिभावाने सांगितली जाते. शीतवनातल्या त्या वाटेची आठवण व्हावी असे हे वर्णन, फरक इतकाच की इथे रक्तच प्रसाद मानले गेले. भक्त एक तपशील मात्र हळूच गाळतात. व्हॉन आपली गिटार अर्धा स्वर उतरवून लावत असे. त्या हिशोबाने त्याच्या तेराच्या तारेचा ताण नेहमीच्या सुरातल्या बाराच्या तारेहून थोडाच अधिक भरतो. तपस्व्यानेही खुंटी सैल केली होती. त्याला जाड तार लागे याचे कारणही साधे होते: त्याचा हात जड होता, आणि बारीक तार त्या आघाताखाली डगमगली असती. दुसऱ्या टोकाला बिली गिबन्स. तोही टेक्सासचाच, त्याचाही ब्लूजवर पिंड पोसलेला, आणि त्याची पहिली तार सातची. ब्लूजवादक बी. बी. किंग यांनी त्याच्या जाड तारा पाहून ‘एवढे कष्ट कशाला करतोस’ अशा अर्थाचे काही विचारले, तेव्हापासून तो बारीक तारांकडे वळला, असे गिबन्स सांगतो. व्हॉनचा उतरवलेला सूर धरला तरी या दोघांच्या पहिल्या तारांच्या ताणात तिपटीचा फरक पडतो. दोघांचे वादन ऐकून कोणता अधिक तपस्वी हे कुणी सांगू पाहावे. जाड तारेत चुंबकासमोर अधिक पोलाद असते, तिचा ठसा थोडा वेगळा उमटतो, हे मान्य. पण बिनविजेच्या गिटारमध्ये लाकडाचे तोंड हलवण्यासाठी तारेत जे वजन लागे, ते काम इलेक्ट्रिकमध्ये ॲम्प्लिफायरने कधीच उचलले. कारण गेले, कर्मकांड उरले. व्रतवैकल्यांच्या इतिहासात असे कितीदा घडले आहे.

याहून जड आक्षेप दुसरा. माप माणसागणिक बदलते म्हटले की आळशाला रान मोकळे. प्रत्येक जण ‘माझ्या प्रकृतीला हेच मानवते’ म्हणत सर्वांत सोपी तार उचलेल. ॲरिस्टॉटलने हे ओळखले होते. दहा माप अन्न फार आणि दोन थोडे, म्हणून कुस्तीचा उस्ताद सर्वांना सहा वाढत नाही. तेवढे मिलो पैलवानाला अपुरे पडेल आणि आखाड्यात नव्याने उतरलेल्याला फार होईल. मध्य आपल्या सापेक्ष, पण लहरीच्या सापेक्ष नव्हे. तो विवेकाने ठरवायचा. ज्ञानेश्वरही सहाव्या अध्यायात योग्याचा आहार, चालणे, बोलणे, झोप यांना मापात ठेवायला सांगतात, पण ते माप शेरात किंवा घटकांत देत नाहीत. मग लहर आणि विवेक यांत फरक कसा करायचा? इथे तार ग्रंथांपेक्षा उपयोगी पडते, कारण ती उलट उत्तर देते. बारीक तारेवर बोट जरा जास्त दाबले गेले की ती फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या, मागे खोल जाते आणि सूर चढतो. जड हाताने हलकी तार निवडली की प्रत्येक स्वर किंचित बेसूर होतो, आणि ते शेजारी बसलेल्यालाही ऐकू येते. हलक्या तारेची किंमत हलक्या स्पर्शाने मोजावी लागते, आणि ज्याने नुसती सवलत म्हणून ती घेतली त्याच्याकडे तो स्पर्श नसतो. शिस्त संपली नाही, ती मनगटाच्या जोरातून बोटाच्या नाजूकपणात गेली. ज्याची वहाण नरम झाली त्याचे चालणे चुकले तर वाटेचा दोष सांगता येत नाही. सूर सर्वांचा एक असल्यामुळेच तारेची मोकळीक परवडते. ज्या साधनेत सुराचेच माप कुणाजवळ नसते, तिथे हा आक्षेप लागू पडतो, आणि अशा साधना आहेत हे मी नाकारत नाही. तिथे माणसे तारेची जाडी मोजत बसतात, कारण मोजण्याजोगे दुसरे काही त्यांच्यापाशी नसते.

एक शंका उरते, ती सोणाचीच. आपल्यापुरती सवलत घेणे योग्य आहे का? बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात 1965 साली सतरा वर्षांच्या टोनी आयोमी या गिटारवादकाच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बॅन्जोच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या, आणि पुढे ब्लॅक सॅबथच्या 1971 च्या ध्वनिमुद्रिकेपर्यंत कित्येक गाण्यांसाठी सूरही दीड स्वर खाली आणला. त्याचा हक्क कोण नाकारील? पण धडधाकट बोटांच्या कोवळ्या पोराचे काय, ज्याला नेहमीच्या सेटमधली तिसरी तार वाकवता येत नाही? अमेरिकेत पन्नासच्या दशकात जाणते वादक बॅन्जोची तार लावून वेळ मारून नेत. ज्याला ही युक्ती ठाऊक नसे तो बोटे सोलत बसे आणि दोष आपल्या हातांना देई. कॅलिफोर्नियात टारझाना येथे दुकान चालवणाऱ्या अर्नी बॉलला नवशिक्यांची नेमकी हीच अडचण दिसत होती. बारीक सेट काढा, असे त्याने फेंडरला सुचवले आणि तिथे नकार मिळाला, असे त्याच्या कंपनीचा इतिहास सांगतो. मग 1962 पासून त्याने स्वतःचे ‘स्लिंकी’ सेट विकायला काढले. जाणत्यांपुरती असलेली मुभा पाकिटात घालून कुणालाही मिळू लागली, सोणाने घातलेल्या अटीप्रमाणे. जाड तारांचे सेट त्याच फळीवर शेजारी टांगलेले राहिले, आणि व्हॉनने पुढे जाड ताराच उचलल्या.