फोटो कुणाचा?

माझ्या धाकट्या दिरांची मुलगी बी.कॉम. झाली आणि घरात सगळ्यांनी गृहीत धरलं, की आता ही बँकेच्या परीक्षा देणार. ती म्हणाली, "काकू, मी लग्नाचे फोटो काढायला शिकतो." आमच्या बेळगावकडच्या मुली बोलताना 'शिकतो', 'जातो' असंच म्हणतात, बाहेरगावच्या पाहुण्यांना त्याची गंमत वाटते. त्या दिवशी मात्र घरात कुणालाच गंमत वाटली नाही.

गावातल्या एका नावाजलेल्या फोटोग्राफरनं तिला 'सेकंड' म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. सेकंड म्हणजे दुसरा फोटोग्राफर. पहिल्या तीन लग्नांना फक्त जाण्यायेण्याचा खर्च, पुढे काम जमलं तर दिवसाचे 1500 रुपये. मी ताडकन म्हटलं, "म्हणजे फुकट राबायचं की!" ती हसून म्हणाली, "काकू, तुम्ही पोळ्या लाटायला शिकला तेव्हा आज्जीनं पगार दिला होता काय?" यावर मी काय बोलणार?

मग ती एकेका लग्नाला जाऊन येऊ लागली आणि रात्री माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगू लागली. मला वाटायचं, फोटो म्हणजे बटण दाबायचं. पण या कामात किती शिस्त असते! लग्नाच्या सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवून घ्यायची. नाही तर नंतर हजारो फोटो एकत्र लावताना अक्षता आधी पडतात आणि नवरी नंतर मांडवात येते. पहिला नवरीच्या खोलीत असेल, तर दुसऱ्यानं नवऱ्याच्या खोलीत. पहिला समोरून काढत असेल, तर दुसऱ्यानं बाजूनं किंवा मागून. पहिल्याच्या चौकटीत आपला हातही येता कामा नये. कुठलाही फोटो तिथल्या तिथे पुसायचा नाही. आणि कुणी पाहुण्यानं नंबर विचारला तर आपला द्यायचा नाही, ज्याच्याबरोबर आलो त्याचा द्यायचा.

तिची एक अडचण वेगळीच होती. रिसेप्शन संध्याकाळी सुरू होतं आणि फोटोवाल्यांचं जेवण सगळ्यांत शेवटी, रात्री दहाला. ही तर दिवस मावळल्यावर जेवत नाही. दोन लग्नं उपाशी काढली. तिसऱ्या लग्नापासून बॅगेत लेन्सच्या शेजारी चुरमुरे आणि शेंगदाण्याचे लाडू जाऊ लागले. सूर्य मावळायच्या आत दहा मिनिटं मागून घ्यायला शिकली. अनुभव अनुभव म्हणतात, त्यात हेही आलंच, नाही का?

चौथं लग्न आमच्या ओळखीतल्या घरचं होतं, त्यामुळे मीही गेले होते. नवरीचे वडील बारा वर्षांपूर्वीच वारलेले. कन्यादान चुलत्यांनी केलं. उपाध्यांनी मंगलाष्टकं सुरू केली, अंतरपाट धरला, सगळा हॉल उठून उभा राहिला. मोठा फोटोग्राफर स्टेजवर. माझी पुतणी हॉलच्या मागच्या टोकाला, कारण तिची जागाच ती. तिथून तिला जे दिसलं ते आमच्यापैकी कुणीच मान वळवून पाहिलं नव्हतं. कोठीच्या खोलीच्या दारात नवरीची आई उभी होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. मुठीतल्या अक्षता इतक्या लांबून स्टेजपर्यंत पोचणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं टाकल्या. त्या तिच्याच पायाशी पडल्या. पुतणीनं नेमका तोच क्षण टिपला.

दोन महिन्यांनी पुतणी रडवेली होऊन घरी आली. तो फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला होता. खाली दुकानाचं नाव. येणारे-जाणारे थांबून बघत होते, वा वा म्हणत होते. "काकू, तो माझा फोटो हाय. त्यांनी माझं नाव कुठंच घातलं नाही."

मला संताप आला. माझा मुलगा वकिली करतो, त्याला विचारलं. त्यानं शांतपणे सांगितलं ते ऐकून आम्ही दोघी चक्रावलो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोचा पहिला मालक फोटो काढवून घेणारा. म्हणजे लग्नघर! मात्र 57 व्या कलमात आणखी एक हक्क आहे. मालकी दुसऱ्याकडे गेली, तरी 'ही कृती माझी' असं म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. वस्तू एकाची आणि कर्तृत्व दुसऱ्याचं, हे कायद्यालाही कळतं. आपल्या घरांमध्ये मात्र ते कळायला वेळ लागतो. पोळ्या कुणी लाटल्या आणि कौतुक कुणाच्या नावावर जमा झालं, याचा हिशेब कुठल्या घरात ठेवतात?

वडोदऱ्याच्या मैत्रिणींना होमाई व्यारावाला हे नाव माहीत असेल. नवसारीला 1913 साली जन्मलेल्या या बाई भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो पतीच्या, माणेकशांच्या नावानं छापून येत. पुढे त्यांचं स्वतःचं नाव झालं, 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि 2012 मध्ये वडोदऱ्यातच त्या गेल्या. मी पुतणीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे मीही तोपर्यंत थांबू काय?" तिचं बरोबर होतं. पूर्वीच्या बाईनं सोसलं, म्हणून आजच्या मुलीनं सोसावं, असं सांगणं म्हणजे धीर देणं नव्हे.

त्याच सुमारास दशलक्षण पर्व आलं. दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय आपण वर्षानुवर्षं ऐकतो, पण ऐकताना मन कुठे असतं ते मनालाच माहीत. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय आला आणि चोरीची व्याख्या कानावर पडली. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. कुलूप फोडायला नको, अंधार नको. दिलं नव्हतं आणि घेतलं, एवढं पुरे. मला वाटलं, सापडलं! त्या फोटोग्राफरनं पोरीचं नाव तिनं न देता घेतलं. घरी येऊन मी पुतणीला उत्साहानं सांगितलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, पण मी त्या मावशींना कुठं विचारलं होतं?"

एवढे दिवस आम्ही फोटो माझा की त्यांचा, म्हणून भांडत होतो. ज्या बाईचा तो चेहरा, जिचं ते दाराआड उभं राहणं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. ना काढताना, ना लावताना, ना वा वा म्हणताना. लग्नघरानं फोटोग्राफर बोलावला म्हणजे घरातल्या प्रत्येकाचं दुःखही त्याला काढायला दिलं, असं होतं का? मला याचं सरळ उत्तर देता येत नाही. प्रत्येक वेळी विचारून फोटो काढायचं ठरवलं, तर तसा एकही फोटो निघणार नाही, हेही खरं. क्षण थांबत नाही. पण काढल्यानंतर विचारता येतं. चौकात टांगायच्या आधी तर नक्कीच विचारता येतं.

आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. पुतणीनं फोटोची छोटी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून बघितलं. पदरानं काच पुसावी तसा फोटो पुसला. म्हणाल्या, "अक्का, हे गेल्यापासून माझा एकटीचा फोटो कुणी काढलाच नाही. आधारकार्डाचा काय तो एक." मग थोड्या वेळानं, "मला हा राहू दे. पण दुकानातला काढायला सांग, बाळ. लोक म्हणतील, आईला मागं उभी केली. माझ्या दिरांनी कर्ज काढून लग्न केलंय. त्यांना नाव नको."

पुतणी दुसऱ्या दिवशी एकटीच दुकानात गेली. फोटोग्राफरनी पहिल्यांदा कुरकुर केली, पण काचेतला फोटो उतरवला. नावाचाही विषय तिनं काढला. आता अल्बमच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तिचंही नाव येतं. ती म्हणते, भिंग लावून वाचावं लागतं, पण आहे.

मला मात्र त्या भेटीतलं एक वाक्य सोडेना. आईला मागं उभी केली. कुणी केली? आपल्याकडे सांगतात, की कर्म तीन परींनी घडतं. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान्यता दिलेलं. मन-वचन-काय, कर्माचे तीन टप्पे आणि चार कषाय यांच्याशी या तिघांचा गुणाकार केला, की जपमाळेचे 108 मणी होतात. लहानपणी मला तो हिशेब पाठ होता. फोटो पुतणीनं काढला, मोठ्या फोटोग्राफरनं काढवून घेतला, आम्ही वा वा केलं. इथपर्यंत माझा हिशेब नीट जमत होता.

पण त्या बाईंना दाराआड उभं करण्याचा हिशेब कुणी मांडायचा? मी दुसऱ्या रांगेत बसले होते. त्या कुठे उभ्या असतील हे मला माहीत होतं. मान वळवली नाही, कारण वळवली असती तर उठावं लागलं असतं. रीत मी केली नाही, करायला सांगितली नाही, फक्त चालू दिली. फोटोग्राफरची चोरी मला लगेच दिसली. माझं गप्प बसणं दिसायला मात्र वीस-बावीस वर्षांच्या पोरीचा कॅमेरा लागला, तोही मागच्या टोकाला उभा असलेला.

परवा नात्यातल्या एका लग्नात त्या पुन्हा भेटल्या. तशाच मागे, खांबापाशी. मी जवळ जाऊन म्हटलं, "चला पुढं." त्यांनी नुसती मान हलवली. हात धरून ओढत नेण्याचा अधिकार मला नव्हता. मग मीच तिथे थांबले. अक्षता दोघींनी मिळून टाकल्या, दोघींच्याही स्टेजपर्यंत पोचल्या नाहीत. समोरून पुतणी कॅमेरा घेऊन आली. तिनं तो डोळ्याला लावण्याआधी मान तिरकी करून नजरेनंच विचारलं. त्यांनी आधी पदर सारखा केला आणि मग हो म्हटलं.